फोन उचलला नाही तेव्हा

मालपे बंदर

प्रिय ताई,

तुला मालप्याहून नमस्कार. आईच्या पायांना माझ्या वतीने तूच हात लाव.

मी बरा आहे. खोलीत आम्ही सगळे खलाशी एकत्र राहतो, फोनवर मोकळं बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

मनाच्या गोळ्यांनी झोप उडाली असं म्हणालो होतो ना? घोळ असा झाला गो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळी घ्या. आमची बोट रात्रभर समुद्रात असते, सकाळी बंदराला लागते. मी मासळी उतरवून जेवायचो, गोळी घ्यायचो आणि आडवा व्हायचो. मग नुसता छपराकडे बघत पडायचो. डोळा लागलाच तर नको ती स्वप्नं. गोळ्या बंदच करणार होतो, पण तू दम दिलास, "आधी डॉक्टरांना विचार." फोन केला तर ते म्हणाले, "या गोळीने काहींची झोप उडते, म्हणून सकाळी सांगितली. तुम्ही झोपून उठलात की घ्या."

आता दुपारी उठल्यावर घेतो. हळूहळू फरक पडतोय. जेवणही जातं.

मासळीची टोपली शेजारणीकडे सोपवून तू माझ्यासोबत दवाखान्यात बसलीस, ते मी विसरणार नाही. आईला अजून पित्ताच्या गोळ्या म्हणूनच सांगतेस का? तिचा गुडघा कसा आहे?

मंगळवारी तू परत परत फोन केलास, मी उचलला नाही. शेवटी आमची बोट चालवणाऱ्या तांडेलाला लावलास आणि रडलीस, असं तो म्हणाला. तुझ्या मनात काय आलं ते मला कळलं.

ताई, मी झोपलो होतो.

तुझा धाकटा,
दीपेश