चांदीवर पितळ

प्रिय एल्विओ,

तुझ्या भावाला जाऊन नोव्हेंबरात वर्ष होईल. मी बरी आहे. सकाळी कोंबड्या, दुपारी त्याची सायकलींची कार्यशाळा. हसू नकोस. तू स्वतः बांधलेल्या शर्यतीच्या सायकलची ती निळी फ्रेम मी खिळ्यावरून खाली काढली आहे. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ऑत्तोरिनो एकच सांगत होता, "नेरिना, एल्विओच्या फ्रेमचा रंग काढ." मला वाटलं, तापात बरळतोय.

मी जेमतेम पाचवी शिकलेली. नळ्यांचे जोड धातू वितळवून सांधायची, त्याची झाळकामाची पुस्तकं वाचत वाचत कामाला लागले. रंग सोडवायचं औषध, तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. तीन आठवडे गेले. मागचे जोड देखणे निघाले. पुढचा जोड, जिथे नळी तडकली आणि तू उतारावर पडून खांद्याचं हाड मोडून घेतलंस, तो मी शेवटी ठेवला होता.

तू पडलास त्या रविवारी ऑत्तोरिनो सगळ्या सायकल क्लबासमोर ओरडला होता, "तुझ्या हाताला ज्योत कळत नाही. नळी जाळलीस तू!" तू म्हणालास, "दादा, मी चांदीनं झाळलंय. चांदीला एवढी आग लागतच नाही." आणि माझ्याकडे पाहिलंस. मी कॉफीचे कप गोळा करत होते. करतच राहिले. मग तू तोरिनोला गेलास, पावाच्या कारखान्यात लागलास. चाळीस वर्षांत ज्योत पुन्हा हातात घेतली नाहीस.

त्या जोडावरचा रंग निघाला तेव्हा आत पांढरी चांदी दिसली, आणि चांदीवर पिवळं पितळ. शेजारच्या गावातून सायकली बांधणाऱ्या जेल्मोला बोलावलं. चष्मा लावून बघत तो म्हणाला, "वहिनी, हे कुठल्या गाढवाचं काम? मक्याच्या गरम पोलेंतावर आइस्क्रीम वाढलंय! पितळाला कितीतरी जास्त आग लागते, चांगली झाळलेली नळी पुन्हा तापवून जाळली की." मग या कार्यशाळेत पितळ कोण वापरायचं ते त्याला आठवलं. त्याने टोपी काढली.

तुझ्या भावाचा चांदीवर कधीच विश्वास नव्हता. शर्यतीआधी तुला न सांगता त्याने तो जोड पक्का करायला घेतला असणार, तुझ्या काळजीपोटी. पुढे खरं बोलायचं धैर्य झालं नाही. त्याच्या वतीने मी माफी मागत नाही, ती त्याने मागायची होती. कपांची गोष्ट मात्र माझी आहे, तिची माफी मी मागते.

जेल्मोने नवी नळी कापून बसवली आहे. पायडल, ब्रेक, गिअर धुऊन पुसून खोक्यात ठेवलेत. पुढचा जोड तेवढा कोरडा, न झाळलेला आहे. जेल्मो म्हणाला, "द्या इकडे, दहा मिनिटांत झाळतो." मी नको म्हटलं. चांदीच्या सळ्या आणून ठेवल्या आहेत. तुझा हात आता थरथरत असला तरी चालेल. एवढ्यासाठीच हे पत्र. ये.

तुझीच,
नेरिना वहिनी