मेणात मळलेला कापूस

बाई, तुम्हाला मी कधी आई म्हटलं नाही, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर आज म्हणायला लागले तर तुम्हीच हसाल. शाळेतल्या पोरी तुम्हाला बाई म्हणायच्या, घरी आल्यावर मीही बाईच म्हणत राहिले. आज सकाळी माझी नात मोटारसायकल काढून लातूरहून नांदेडला निघाली. हेल्मेट चढवायच्या आधी तिनं कानात नारिंगी रंगाचे दोन मऊ बोळे दाबून बसवले. मी विचारलं, हे कशाला गं? तर मला समजावून सांगायला लागली की आजी, गाडीचा आवाज काहीच नसतो, कानावरून जो वारा जातो तो कान खातो, आणि एकदा खाल्लेलं परत येत नाही. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. तिला नवल वाटलं. कुणी सांगितलं म्हणाली. तुमचं नाव माझ्या तोंडात आलं आणि मी ते गिळलं. आमच्या घरी होत्या एक, इतकंच म्हणाले. ती गेल्यावर मला स्वतःचाच राग आला, म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही यायच्या आधीचं तुम्हाला नीट कधी सांगितलंच नाही. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहरा मला आठवत नाही, तिच्या हातचा लसणाचा वास तेवढा आठवतो. आबा जिनिंगच्या इंजिनांचे मिस्त्री. सरकी काढायची यंत्रं ज्या मोठ्या तेलाच्या इंजिनांवर चालायची ती नांदेडला होती, भोकरला होती, हिमायतनगरला होती, लातूरला तर किती होती. मालकांनी त्यांना कुठल्या तरी साहेबाची उतरलेली फटफटी घेऊन दिली होती. निजामाच्या राज्यात आमच्या भागात फटफटी म्हणजे पोरं रस्त्यावर धावत बाहेर यायची. मला नांदेडला घरी ठेवायचं कुणाकडे हा प्रश्न होता, म्हणून आबा मला मागं बसवायचे, धोतराच्या जुन्या पट्टीनं स्वतःच्या कमरेला बांधून. मुरमाचा रस्ता, धूळ, आणि वारा. डोळ्यांना त्यांच्याकडे चष्मा होता. कानांना काही नव्हतं. कानांना काही लागतं हे कुणाला सुचलंही नव्हतं.

इंजिन बिघडलं की आबा पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायचे. डोळे मिटून ऐकायचे. मालक, मुकादम, सगळे गप्प उभे. मी सात-आठ वर्षांची असेन, एकदा भोकरला ते ऐकता ऐकता थांबले, पुन्हा टेकवलं, पुन्हा थांबले. मग त्यांनी मला जवळ ओढलं आणि मूठ माझ्या कानामागं लावली. "काय म्हणून राहिलं गं माय? सांग बरं." मी म्हटलं, ठोके बरोबर आहेत, पण आत काहीतरी बारीक किरकिरतंय, चिमणीच्या पिल्लासारखं. त्यांनी ते बेअरिंग उघडलं. वंगण सुकून ते घासायला लागलं होतं. त्या दिवसापासून मी आबांचे कान झाले. बाई, तुम्हाला कळणार नाही त्याची ऐट काय होती. गावातल्या पोरींना वडील भातुकलीची बोळकी आणून द्यायचे. माझ्या वडिलांना माझ्याशिवाय इंजिन कळत नव्हतं.

घरी त्यांना मी हाक मारली की ऐकू जायचं नाही, हेही मला माहीत होतं. मी समोर जाऊन उभी राहायची, बाही ओढायची, बोटांनी खुणा करायची. जेवायला चला म्हणजे हे, पाणी तापलं म्हणजे ते. लोक म्हणायचे, जिनिंगच्या धडधडाटानं मिस्त्रीचा कान जड झाला, त्या धंद्यात व्हायचंच. मला ते वाईट वाटत नव्हतं. आमच्या दोघांची एक भाषा झाली होती आणि तिच्यात तिसरं कुणी नव्हतं.

मग तुम्ही आलात. लातूरच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, तिशी उलटून गेलेली, लग्न राहून गेलेली. लग्न लातूरलाच झालं, आणि पाठवणीला मोटार ठरलेली असताना तुम्ही म्हणालात, मी फटफटीवर बसून येते. तुमचा तो आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. जाडा, खालच्या पट्टीतला, पुरुषी म्हणावा असा. आबा दहा हातांवर पाठमोरे उभे होते. ते वळले. लगेच वळले. माझ्या हाकेला ते असे कधीच वळले नव्हते. तुम्ही पदर डोक्याला घट्ट बांधून माझ्या जागी बसलात आणि मी मामांबरोबर त्या मोटारीनं मागून आले. नांदेडला पोचेपर्यंत मी खिडकीतून पुढं गेलेली फटफटी शोधत होते.

पोचल्यावर बघते तर तुम्ही ओट्यावर दोन्ही हातांनी कान दाबून बसलेल्या. "माझ्या कानात रातकिडे ओरडून राहिलेत," तुम्ही आबांना म्हणालात. "तुम्हाला न्हाई होत असं?" आबा म्हणाले, "होतं की. रोजचंच हाय. झोपलं की जातं." पुढच्या खेपेला तुम्ही एक अजब गोष्ट केलीत. जाताना सगळा रस्ता आबांच्या पाठीमागं डोकं खाली घालून बसलात, आणि येताना मान ताठ, डोकं बाहेर, वाऱ्यात. आल्यावर म्हणालात, "जाताना रातकिडे न्हाई आले. येताना आले. इंजिन दोन्ही वेळेला तेच, रस्ता तोच. फरक वाऱ्याचा. जिनिंगनं नव्हं, वाऱ्यानं तुमचे कान खाल्लेत." आबा हसले. वारा कुठं कान खातो का म्हणाले. गावानंही ते ऐकलं आणि तेही हसलं.

तुमचं माहेर तांबट गल्लीला लागून. हंडे-घागरी ठोकणारी म्हातारी माणसं कापूस मधाच्या पोळ्याच्या मेणात मळून कानात घालायची, ते तुम्ही लहानपणापासून बघितलेलं. तुम्ही इस्लापूरच्या बाजूनं येणाऱ्या मधवाल्याकडून मेण घेतलंत, चुलीच्या कडेला मऊ केलंत, दोन थेंब तीळतेल टाकून कापसात मळलंत. नुसता कापूस कामाचा नाही, वारा त्यातून शिरतो, असं मळता मळता मला सांगत होतात. मी ऐकत नव्हते असं दाखवत होते. आबांनी बोळे बघितले आणि हात झटकले. "माझा धंदा कानाचा हाय. कान बुजवून फटफटी हाकली तर मागची मोटार कळायची न्हाई, इंजिनात काय बिघडलं ते कळायचं न्हाई. मरीन की."

"मग इथंच बघू," तुम्ही म्हणालात.

ती अंगणातली दुपार. शेजारपाजारचे चार लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले होते. आबा भिंतीकडे तोंड करून उभे आहेत, कानात मेणाचे बोळे. तुम्ही मागून शाळेची जाड्या आवाजाची पितळी घंटा वाजवता. ते हात वर करतात. तुम्ही पाण्याचा हंडा जमिनीवर आपटता. हात वर. तुम्ही साध्या आवाजात म्हणता, "अहो, ऐकू येतंय का?" ते म्हणतात, "हाव, येतंय. लांबून आल्यावानी येतंय, पण येतंय." लोक हसतात, कुणी टाळ्या वाजवतो. आणि मला राहवत नाही. मी पुढं होते. मीही हाक मारते, "आबा!" ते भिंतीकडेच बघत आहेत. मी पुन्हा मारते, जोरात, गळ्याच्या शिरा ताणून. काही नाही. कुणीतरी म्हणालं, अरे बोळे काढा की, पोरगी हाक मारतेय. तुम्ही पुढं जाऊन त्यांच्या कानातले बोळे काढलेत आणि त्यांना तसंच भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलंत. मला म्हणालात, मार हाक. मी मारली. कुंपणाशी उभी असलेली माणसंसुद्धा दचकली एवढ्या जोरात मारली. आबा तसेच उभे. थोड्या वेळानं म्हणाले, "झालं का? वळू का?"

कुणी हसलं नाही. लोक एक एक करून गेले. तुम्हाला तेव्हाच सगळं उमगलं. वाऱ्यानं आधी बारीक आवाज नेले होते. चिमण्या, पैंजण, बेअरिंगची किरकिर, आणि मी. जाडे आवाज तेवढे उरले होते, म्हणून तुम्ही उरला होतात. तुम्ही आबांना वळवलंत, समोर उभं केलंत आणि काय झालं ते सांगितलंत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तुमच्या हातातले बोळे घेतले आणि खिशात घातले. त्या दिवसानंतर त्यांनी बोळ्यांशिवाय फटफटीला हात लावला नाही. वर कानटोपी, तिच्यावर फेटा घट्ट. जिनिंगच्या फाटकात उतरलं की आधी फेटा सोडायचा, बोळे काढून डबीत ठेवायचे, मग पेचकस हातात घ्यायचा. दोन वर्षं मी त्यांच्या पाठीला बांधलेली हिंडले, तरी माझा आवाज आपल्याला पार येत नाही हे त्यांना कळलं नव्हतं. तुमची एक दुपार त्यांना पुरली.

त्याच आठवड्यात तुम्ही माझ्यासाठीही बोळे केलेत, बारीक, माझ्या कानाच्या मापाचे. मी ते घातले नाहीत. मला वाटलं, माझेही कान बुजवून तुम्हाला मला आबांपासून तोडायचंय. मग भोकरहून निरोप आला, इंजिन अडलंय. आबांनी मला पट्टी बांधायला बोलावलं आणि तुम्ही मधे उभ्या राहिलात. "ती न्हाई येणार. तिला उद्यापासून शाळा हाय."

आबा म्हणाले, "तिच्याबिगर मला बारीक ऐकू येत न्हाई. तुला आता माहीतच हाय."

"म्हणूनच न्हाई येणार. बापाचे कान व्हायला पोर जन्माला येत न्हाई. वाऱ्यात तिचेही जातील, मग तुम्ही कुणाचे लावणार?" आणि तुम्ही पदर डोक्याला बांधलात, कानात बोळे घातलेत आणि मागं बसलात. "मी येते. मला दाखवा कुठं लावायचं ते."

मी दारात उभी राहून फटफटी वळणाआड जाईपर्यंत बघत होते. माझी बसायची जागा तुम्ही आधीच घेतली होती. आता माझं कामही घेतलंत. जिनिंगमध्ये एक बाई पेचकस कानाला लावून बसते म्हणून नांदेडात लोक काय काय बोलले ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मला ते ऐकून बरं वाटायचं. तुम्ही पेचकस पिशवीत टाकून निघायचात. भोकर, हिमायतनगर, लातूर, जिथं इंजिन अडेल तिथं गेलात. सुरुवातीला चुकलात, आबांनी रागावून शिकवलं, पुढं माझ्याहून बरं ऐकायला लागलात. संध्याकाळी चुलीशी बसून दोघं बोलायचात, तो आवाज कसा होता, हा कसा होता. मी पुस्तक उघडून बसायचे आणि एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. तुम्ही मला वाचवायला ती जागा घेतलीत, हे मला पुढं कळलं, शिकून मास्तरीण झाल्यावर, पोरं झाल्यावर. पण कळलं म्हणून जळायचं थांबत नाही, बाई. दोन्ही गोष्टी माणसाच्या पोटात शेजारी शेजारी राहतात.

निजामाचं राज्य गेलं, फटफटी भंगारात गेली, माझं लग्न तुमच्याच लातुरात झालं. बोळ्यांनी आबांचे उरलेले कान शेवटपर्यंत टिकले, गेलेले मात्र आले नाहीत. मी माहेरी यायची, त्यांच्या समोर बसायची, बोलायची. खुणांची आमची भाषा ते विसरून गेले होते. ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग तुमच्याकडे. तुम्ही भाकरी थापता थापता माझं वाक्य जसंच्या तसं तुमच्या जाड्या आवाजात सांगायचात. ते हसायचे, मान हलवायचे, मला उत्तर द्यायचे. मी गरोदर आहे हे त्यांना तुमच्या आवाजात कळलं. माझ्या नवऱ्याची बदली, धाकट्याचं दुखणं, सगळं तुमच्या आवाजात. एक शब्द तुम्ही कधी गाळला नाहीत, एक शब्द पदरचा घातला नाहीत. मी टपून असायची, कुठं तरी चुकाल म्हणून.

ते गेले त्या सकाळी खोलीत आपण दोघीच होतो. मी त्यांचा हात धरून म्हटलं, आबा, मी आलेय, तुमच्याजवळच आहे. त्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही वाकून सांगितलंत, "ती आलीय. तुमच्याजवळच हाय." त्यांनी माझा हात दाबला. मग दुसऱ्या हातानं तुम्हाला खाली ओढलं आणि तुमच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. बराच वेळ. मला ऐकू आलं नाही. माझे कान, तुम्ही वाचवलेले, ज्यांना आज ऐंशी ओलांडल्यावरही पलीकडच्या खोलीतल्या नळाचा थेंब कळतो, त्यांना ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं सगळं संपलं.

तेराव्यानंतर मी विचारलं, काय म्हणाले होते? इतकी वर्षं माझं त्यांना आणि त्यांचं मला सांगणाऱ्या तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "ते माझं हाय."

मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघून आले. पुढं तुम्ही असेपर्यंत नांदेडला आले-गेले, तुमचं दुखलंखुपलं बघितलं, पण तो विषय काढला नाही आणि तुम्हीही काढला नाहीत. किती वर्षं मी मनात तुमच्याशी त्यावरून भांडत होते. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून घडी करून उशाखाली ठेवेन आणि उद्या फाडेन. फाडायच्या आधी एवढं सांगते. तुमच्या जागी मी असते, तर मीही सांगितलं नसतं.