पाठवणीला कानात सांगितलेलं

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

माजिवडा, ठाणे
१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दक्षता हिला आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. श्रावणात मासळी बंद, म्हणून बाबांचं तोंड वाकडं. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय, हसू नकोस. मी बरी आहे. जेवते, झोपते, देवाजवळचा दिवा पुन्हा मीच लावते. शॉक दिल्यावर माणूस खुळं होतं म्हणणाऱ्या तुझ्या आत्याला चहाही मीच करून देते.

परवा दर्शनने तुझ्या लग्नाचा व्हिडिओ लावला. हळदीला भीमाबाई धवलारीण लग्नाची गाणी गातेय आणि हिरव्या साडीतली एक बाई तिच्या मागून म्हणतेय. मी विचारलं, "ही कुणाकडची रे?" तो म्हणाला, "आई, मस्करी नको ना करू." मग मीही हसले.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "पाठवणीला तू कानात सांगितलेलंस ना, तसंच करते." मी "हो बाय" म्हणाले. ते खोटं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, शॉकने आजारपणातलं थोडं पुसलं जाईल. ते थोडं म्हणजे तुझं लग्न गं. हिरव्या साडीतली ती बाई मीच, आणि मला ओळखू आली नाही. तू लहान असतानाचं सगळं आहे, तेवढंच नाही. व्हिडिओत मी तुझ्या कानाशी वाकते, तू मान हलवतेस, आणि बँजोच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

तेव्हा मी जेवण सोडलेलं, घरात कुणाशी बोलत नव्हते, असं बाबा सांगतात. अशा बाईने लेकीला काय सांगितलं असेल? निमूट सोस, माघारी येऊ नको, असं तर नाही? फोनवर तुझा आवाज बारीक येतो. मितेशरावांचं नाव तू काढत नाहीस. शेजारी सासूबाई असतात, म्हणून पत्र लिहितेय.

तसं काही सांगितलं असेल तर ते मानू नकोस. ती बाई आजारी होती. या घराचं दार तुला कधीही उघडं आहे, बाबांनाही विचारलंय.

आणि चांगलं काही सांगितलं असेल, तर मलाही ऐकव. राखीला येशील तेव्हा एक रात्र राहा. हळदीपासून सगळं सांग. तुझे केस कुणी विंचरले? मी रडले का गं?

तुझ्या लग्नात होती म्हणतात, ती
तुझी आई