आधी वरचे दात

दादा, तुझ्या भांडखोर बहिणीचा नमस्कार.

इकडे सगळे मजेत आहेत. छकुलीला दात आले, पण आधी वरचे दोन. सासूबाईंचा चेहराच उतरला. म्हणाल्या, "वरचे आधी म्हणजे मामाला वाईट. त्याचं ऑपरेशन होईपर्यंत कळवू नकोस."

म्हणून मुद्दाम कळवतेय.

खरं सांगते, क्षणभर मीही घाबरले. छकुलीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाई हसल्या. "दातांचे अंकुर आईच्या पोटातच तयार होतात. हिरडीतून कुणाचे खालचे आधी येतात, कुणाचे वरचे."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "हे दात माझ्या पोटात तयार झाले, तेव्हा माझा भाऊ ठणठणीत होता. त्याच्या हृदयाचं दुखणं माझ्या लेकीच्या माथी मारू नका." संध्याकाळी छकुलीच्या शिवशिवणाऱ्या हिरड्यांना गार चमचा त्यांनीच लावला.

वहिनी वेळेवर जेवते ना? डॉक्टर नक्की काय म्हणाले? माझ्यापासून काही लपवू नकोस.

सोबत छकुलीचा फोटो आहे, तोंड उघडून हसतेय. ऑपरेशनला नेईपर्यंत उशाशी ठेव. कुणी नको म्हटलं, तर माझं नाव सांग.

तुझी,
कुणाचं न ऐकणारी धाकटी