न वळलेली जीप

तात्यापारा, रायपूर
९ मार्च २००४

प्रिय विमल,

एरवी पत्राच्या सुरुवातीला मी तुला अनेक आशीर्वाद देतो. या खेपेला ते राहू दे, द्यायला अंगात काही पुण्य लागतं. मंजिरीताईंना मात्र नमस्कार सांग. अमरावतीत ऊन तापलं असेल. बहिणीच्या हातचं खाऊन लोळत पडू नकोस, मनगटाचा व्यायाम करत जा.

इकडे सगळं ठीक. राजधानी झाल्यापासून गल्लीतून लाल दिव्याच्या गाड्या जातात, पण नळाला पाणी अजून जिल्ह्याच्या गावाइतकंच येतं. स्वयंपाक आपली अस्मिता करून राहिली. पोट्टी कालपासून माझ्याशी बोलत नाही. काहून, ते पुढे येईल.

काल मी तिला घेऊन तुझ्या ऑफिसात गेलो होतो, तुझी नुकसानभरपाई कुठं अडली ते पाहायला. तू फोनवर विचारत होतीस, तक्रार कोणी केली म्हणून. तक्रार कोणीच केली नाही. साहेबांच्या कानावर एवढंच गेलं, की निवडणुकीच्या ड्यूटीवरून परतताना तू जीप नगरीकडे वळवायला लावलीस, दुबराज तांदूळ घ्यायला, आणि त्या आडरस्त्यावर ती उलटली. म्हणजे अपघात ड्यूटीवरचा नाही, तांदळापायी झालेला. अर्जुन ड्रायव्हर सांगून थकला, "साहेब, गाड़ी सीधा आवत रिहिस." पण ड्रायव्हर स्वतःची नोकरी वाचवायला असंच सांगणार, असं त्यांचं म्हणणं.

जीप कुठंच वळली नव्हती हे तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. माझ्याइतकं कोणालाच नाही.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी पुन्हा काहीतरी चुरचुरीत बोललो असतो.

संक्रांतीला मंडळात तिळगुळाचा कार्यक्रम होता, तू प्लास्टर घालून घरी होतीस. "नीलकंठराव, होऊन जाऊ द्या!" म्हणत लोकांनी माईक दिला. मी निवडणुकीवर सुरू केलं. कोणी हसेना. माणसं तिळाच्या वड्या चावत माझ्याकडे नुसती पाहत होती. तेव्हा मी जीप वळवली. "आमच्या बाई मतदानाचं यंत्र मांडीवर घेऊन ड्रायव्हरला म्हणतात, भैया, लोकशाही थांबते, दुबराज संपून जाईन!" हॉल खदखदला. मग मी तांदळाचं पोतं आणलं. मग जीप उलटवली. बाई नालीत आणि पोतं शाबूत, यावर टाळ्या पडल्या.

ज्या छोट्या पुलियापाशी उलटलेल्या जीपखाली तुझा हात अडकला होता आणि तू ओरडत होतीस, तिथं मी टाळ्या घेतल्या, विमल.

तुझ्या ऑफिसातला सुशील देशकर दुसऱ्या रांगेत होता. त्यानं वाईट मनानं नाही सांगितलं, डबा खाताना चांगला जोक म्हणून सांगितला. साहेबांपर्यंत जाईस्तोवर त्यातलं हसू गळून गेलं आणि नुसती माहिती उरली. खुद्द नवऱ्यानं सांगितलेली.

काल साहेबांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भाईसाहब, तब झूठ बोले थे या अब बोल रहे हैं?"

"तब."

"काहे को?"

"लोग हँस नहीं रहे थे, साहब."

तेही हसले नाहीत. अस्मिता दाराशीच उभी होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई को पता है?" मी नाही म्हटलं. "आप बताओगे या मैं बताऊँ?" त्यानंतर ती बोललेली नाही.

माझ्या एकट्याच्या जबाबावर साहेबांचं भागत नाही. बायकोसाठी नवरा काहीही लिहून देतो, असं त्यांना वाटतं. आपलं घर त्यांनी पाहिलेलं नाही. तो विनोदी कार्यक्रम होता असं पत्र मंडळ देणार आहे. त्यासोबत तुझा जबाब लागेल, की जीप सरळ येत होती आणि नवऱ्यानं सांगितलं ते खोटं आहे. तो आल्याशिवाय मंजुरी नाही, आणि मंजुरीशिवाय हाताचं दुसरं ऑपरेशन नाही.

तुझा जबाब लागला नसता तर हे पत्र मी लिहिलं असतं का? दुपारपासून स्वतःला विचारून राहिलो. बहुधा नसतं लिहिलं.

जबाबात मला सांभाळून घेऊ नकोस. माझ्या तोंडानं दुखावलेल्या कितीतरी माणसांना तू आजवर 'ह्यांच्या मनात तसं नव्हतं' म्हणून समजावलंस. यावेळी 'खोटं' हाच शब्द लिही. उजव्या हातानं जमत नसेल तर ताईंना सांग, त्यांनाही सगळं कळू दे. परत कधी यायचं, यायचं की नाही, ते तू ठरव. मी विचारणार नाही. इथं कोणी विचारलं तर त्याची गंमत करून सांगणार नाही.

तू ज्याच्याविषयी खरं लिहिणार आहेस तो,
नीलकंठ