बटणांच्या डबीतल्या कॅप्सूल

प्रिय चिमणे,

तुझा भाऊ आत्ता तुझ्याकडेच निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी वाचाच बसते. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे.

आईला जरा बरं नाही, एवढंच तुला सांगितलं होतं. खरं म्हणजे ती बारा दिवस दवाखान्यात आहे. लघवीची जळजळ, मग हुडहुडी भरून ताप. तुला माझी सवय ठाऊक आहे. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या कॅप्सूल दिल्या, तरी ताप उतरला की तिसऱ्याच दिवशी उरलेल्या मी बटणांच्या डबीत टाकायचो. शिंप्याचा हात, उरलेलं फेकवत नाही. पुढच्या दुखण्याला त्याच काढायच्या. लाल-काळ्या संपल्या की पिवळ्या. आई हसायची, "शिंपीबुवा, माप न घेताच बेतताय होय?" आणि मुकाट गिळायची.

या खेपेलाही आधी आठवडाभर डबीतल्याच चालल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी काय काय दिलंय? ओरडतील म्हणून मी म्हणालो, काहीच नाही. त्यांनी नेहमीचं औषध सुरू केलं. चार दिवस ताप हलला नाही. मग लघवीच्या तपासणीचा कागद आला. औषधांची लांब यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे तेच एक इंग्रजी अक्षर, मशीनवर सरळ टीप मारल्यासारखं. सगळीकडे एकच शेरा बघून मला वाटलं, आई पास झाली. नर्स म्हणाली, आजोबा, ते अक्षर म्हणजे हे औषध आजींच्या जंतूंवर चालत नाही. खाली दोनच उरली आहेत, तीही मूत्रपिंडाला जड. त्यातलं एक सुरू केलं. काल लघवी थांबली. आता ती मला ओळखत नाही, नुसती चादरीची कड चाचपत राहते.

आज सकाळी मी डबी बाईंच्या टेबलावर उपडी केली. बटणं घरंगळत खाली गेली. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "यातल्या अजून कुणाला दिल्यात?" चिमणे, मागच्या महिन्यात तू निघालीस तेव्हा बाळाच्या दुपट्यात मी डबीतल्याच कॅप्सूलची पुडी बांधून दिली होती. ताप आला तर अर्धी मधात कालवून दे, म्हणालो होतो. आठ होत्या. मोज. आठच्या आठ भरल्या तर भावाच्या हाती परत पाठव. एक जरी कमी असेल, तर बाळाला उचल आणि त्याच्याबरोबर तडक डॉक्टरांकडे जा. त्यांनी विचारलं तर माझ्यासारखं "काहीच नाही" म्हणू नकोस.

तुझाच,
भित्रा बाबा