सरांच्या पाया पडताना

प्रिय वीरेश,

अनेक आशीर्वाद. संस्कृतात काठावर पास झालेल्या मुलाच्या दवाखान्यात आज नांदेडची माणसं वाट पाहत बसतात, हे बघून तुझ्या बाईंची मान ताठ झाली. थोडी बाहेरच्या तुझ्या कडक बाकामुळेही झाली असेल.

आमच्या आधी भोकरकडचे पंढरी आणि त्यांची बायको सरजाबाई आत होते. तुझ्या खोलीला दाराऐवजी पडदा, त्यामुळे बाकावर सगळं ऐकू येतं. तिथे दार बसवून घे. पण ऐकलं ते बरं झालं. पित्ताच्या गोळ्या मागायला आलेल्या माणसाला तू पाऊसपाणी विचारावं तसं विचारलंस, "मामा, दारू किती घेता?" उपदेश नाही, डोळे वटारणं नाही. मग सकाळी हात थरथरतात का, झोप लागते का, कामाला खाडे पडतात का, घरात कुणी बोलतं का. मी शिकवलेले कति, कदा, किमर्थम् अखेर कामी आले म्हणायचे. एकदम बंद करू नका, झटके येतात, माझ्या देखरेखीखाली सोडू, हेही बजावलंस. सरजाबाई म्हणाल्या, "लई दिसांनी कुणी नीट इचारलं बघा." शंभरपैकी शंभर.

मग आमचे हे, म्हणजे तुझे भूमितीचे सर, माझ्यासोबत आत आले. तू उठलास, वाकलास, पाया पडलास आणि तिथेच तुझी तपासणी संपली. तक्रार तीच, पित्ताची. तू चहा मागवलास, भूमितीच्या तासाच्या आठवणी काढल्यास, गोळ्या लिहून दिल्यास. सरांनी कपबशी उचललीच नाही. सकाळी ती त्यांच्या हातात वाजते. गालावरचे दाढीचे काप तू ब्लेडवर ढकललेस. तुझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मी दिलं, तेही तुला खटकलं नाही. कपाटातली बाटली तुला दिसत नव्हती, हे मान्य. पण सर हल्ली संध्याकाळच्या लग्नांना का जात नाहीत, बुद्धिबळाचे सोबती घरी का येईनासे झाले, खिशात सदा बडीशेप का, हे विचारता आलं असतं. इथे लोह्यात गावभर मी सगळ्यांना पित्तच सांगते.

चूक तुझी एकट्याची नाही. गुरुजींना असलं विचारायचं नसतं, हे आम्हीच तुम्हाला शिकवलं आणि त्यात तू पहिल्या वर्गात पास झालास.

परतताना एसटीत सरांनी खिडकीची जागा धरली. सोनखेड मागे पडल्यावर खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "त्या माणसाला विचारलं त्यानं. मला नाही विचारलं." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचा सूर मला ओळखता येतो. माणूस सांगायची तयारी करून आत गेला होता आणि मान घेऊन परत आला.

म्हणून हे पत्र. गुरुवारी त्यांना पुन्हा आणतेय. पाया जरूर पड, त्यांना आवडतं. पण हात काढून घेण्याआधी घोट्यावर अंगठा दाबून धर. पाय सुजलेत, खड्डा पडतो आणि लवकर भरत नाही. मग वर बघून, पंढरींना विचारलंस त्याच आवाजात विचार. उत्तर या वेळी तेच देतील, मी बाहेर बाकावर बसेन. दार बसवायची मात्र गुरुवारपर्यंत घाई करू नकोस.

तुझीच,
ज्योत्स्नाबाई